मिठाई कोणी खाल्ली?

आमच्या वाचनालयाच्या बालविभागात दर शनिवारी दुपारी मी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. चार ते आठ वयाची दहाबारा पोरं सतरंजीवर बसतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी आग्र्याहून सुटकेची गोष्ट चालली होती. औरंगजेबाचा पहारा, महाराजांचं आजारपणाचं सोंग, मिठाईचे पेटारे, त्यांत बसलेले महाराज आणि नऊ वर्षांचे संभाजीराजे. ऐन रंगात मी आवाज बारीक केला, मुलं श्वास रोखून बसली, आणि पुढच्या ओळीतल्या सहा वर्षांच्या एका मुलाने विचारलं, "आजी, पेटाऱ्यात महाराज बसले, तर मग मिठाई कोणी खाल्ली?"

सगळे हसले. मीही हसले. मागे उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांना मात्र ते रुचलं नाही. "असलं काही विचारायचं नसतं," ते म्हणाले. मुलगा गप्प झाला, तो गोष्ट संपेपर्यंत गप्पच राहिला.

त्या रात्री मी पुस्तकं काढून बसले, कारण उत्तर मलाही देता आलं नव्हतं. उत्तर सापडलं. पेटारे सुटकेच्या दिवशी पहिल्यांदा निघाले नव्हते. त्याआधी कित्येक दिवस संध्याकाळी मुक्कामातून मिठाई बाहेर जात होती, ब्राह्मणांना, फकिरांना, दरबारातल्या उमरावांना. सुरुवातीला पहारेकरी एकेक झाकण उघडून पाहत. पुढे त्यांना त्याचा कंटाळा आला. १७ ऑगस्ट १६६६ रोजी जे घडलं, त्याची सगळी मदार त्या कंटाळ्यावर होती, आणि तो कंटाळा येईपर्यंत निम्म्या आग्र्याचं तोंड गोड झालं असेल. ज्या प्रश्नाला आम्ही हसलो, तो त्या बेताच्या थेट गाभ्यात शिरणारा प्रश्न होता. पुढच्या शनिवारी मी त्या मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पहारेकऱ्यांनीपण खाल्ली असेल." तसा पुरावा मला मिळालेला नाही, हेही मी त्याला सांगितलं.

लहान मुलांना हसत हसत इतिहासाची ओळख करून देणारी चित्रपुस्तकं मराठीत काढायची आहेत, त्यांना प्रस्तावना लिहाल का, असं या संचाच्या लेखकांनी आणि चित्रकाराने विचारलं, तेव्हा मला तो मुलगा आठवला. मी लगेच हो म्हटलं.

पाच वर्षांच्या मुलाला साल सांगून काही उपयोग नसतो. १६६६ म्हणजे किती जुनं, हे त्याला कळायचं कसं? त्याच्या लेखी 'आधी'चे दोनच कप्पे असतात, मी जन्मायच्या आधी आणि आजी लहान होती तेव्हा. 'तेव्हा तू होतीस का?' हा प्रश्न मला डायनासोरबद्दलही विचारला गेला आहे आणि लोकमान्य टिळकांबद्दलही. या वयात कालानुक्रमाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, तो हळूहळू येतो. त्याआधी एक गोष्ट मनात रुजावी लागते, की ही माणसं खरोखर होती. त्यांना भूक लागायची, झोप यायची, पाऊस आला की ती भिजायची, काही वस्तू घरीच विसरायची. राक्षस आणि परी यांच्या गोष्टीतून इतिहासाची गोष्ट वेगळी निघते ती इथे. मूल हसतं तेव्हा त्याला ओळख पटलेली असते. आग्र्याच्या त्याच गोष्टीत हिरोजी फर्जंद महाराजांच्या पलंगावर पांघरूण घेऊन झोपले आणि हातातलं सोन्याचं कडं तेवढं बाहेर ठेवलं, हे ऐकल्यावर मुलं खुदकन हसतात. कारण शाळेला जायचं नसलं की पांघरुणात कसं पडून राहायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आणि ते हसू ओसरायच्या आत एखादी मुलगी विचारते, "मग हिरोजींना कोणी पकडलं का?" धैर्य म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी कळू लागतं. मी आधी सांगितलं असतं, तर कळलं नसतं.

आपल्याकडे शाळेत इतिहासाची खरी गाठ पडते ती चौथीत, शिवछत्रपतींपासून. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्या पुस्तकावर वाढलो आणि त्याचं ऋण मी मानते. घरी अमर चित्र कथा होती. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ती सुरू केली आणि त्या पातळ अंकांनी देशभरच्या मुलांना माणसांचे चेहरे दिले. पण ते चेहरे बहुतेक वेळा ताठ मानेचे, करारी नजरेचे. शिवाय ते अंक एकट्याने वाचणाऱ्या मुलासाठी होते. ज्याला अजून अक्षरओळख नाही, जे मांडीवर बसून चित्रांवर बोट ठेवतं, त्याच्यासाठी इतिहासाचं मराठी पुस्तक शोधायला गेलं की हाताला फारसं काही लागत नाही. कविता असतात, प्राणी असतात, फळं असतात. थोर पुरुषांची चरित्रंही असतात, एका पानावर एक चित्र आणि खाली जन्म, कार्य, मृत्यू.

मुलांनी मात्र आपली सोय केव्हाच करून घेतली आहे. दिवाळीतला किल्ला पाहा. मातीचा डोंगर, त्यावर उगवलेलं अळीव, तळ्यात आरशाचा तुकडा, सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे. आणि पायथ्याशी प्लॅस्टिकची जीप, एक सिंह, क्रिकेटची टीम, कधी हेलिकॉप्टर. मोठी माणसं म्हणतात, जीप काढ. मूल म्हणतं, मावळे दमले तर? मराठी मुलांनी स्वतःच्या हाताने रचलेलं, इतिहासाचं हे सगळ्यात जुनं चित्रपुस्तक आहे, असं मी मानते. त्यात आदर आहे, खेळ आहे, चुकाही आहेत. आपण फक्त चुका पाहतो.

या प्रकारच्या लेखनात मला सर्वांत जवळची वाटते ती जीन फ्रिट्झ ही अमेरिकन लेखिका. तिचा जन्म १९१५ मध्ये चीनमधल्या हांकौ शहरात झाला. वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत ती तिथेच वाढली. जो देश तिने पाहिलाच नव्हता, त्याची माणसं तिला वडिलांच्या गोष्टींतून भेटत होती. आपला देश दुरून कल्पनेत उभा करणाऱ्या मुलीची ही भूक आज दुबईत किंवा न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या घरांतही ओळखीची वाटेल. पुढे तिने अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांवर छोटी सचित्र पुस्तकं लिहिली आणि त्यांची नावंच प्रश्नार्थक ठेवली. 'आणि मग काय झालं, पॉल रिव्हिअर?' या अर्थाचं पुस्तक १९७३ मध्ये मार्गो टोम्सच्या चित्रांसह आलं. 'त्यांना जरा वळण लावा की, राजे जॉर्ज!' असं ज्याच्या नावाचं मराठी मी करेन, ते १९७७ मध्ये टोमी डिपाओलाच्या चित्रांसह.

पॉल रिव्हिअर हा बॉस्टनचा चांदीकाम करणारा कारागीर. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री ब्रिटिश फौज निघाल्याची वर्दी देत तो घोड्यावरून दौडला. लाँगफेलोच्या कवितेने त्याला अमेरिकेच्या घराघरांत नेलं, आणि तसं नेताना त्याचा पुतळाही करून टाकला. फ्रिट्झने तो पुतळा खाली उतरवला नाही, त्याच्या आतला माणूस शोधला. तिचा रिव्हिअर सतत घाईत असतो. तो घंटा वाजवतो, चांदीची भांडी घडवतो, लोकांचे कृत्रिम दातही बसवून देतो. आणि आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या रात्री घोड्याला टाच मारायची काटेरी आरी घरी विसरतो. नदीत शत्रूच्या जहाजाजवळून नाव न्यायची, वल्ह्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांना गुंडाळायला कापड हवं, तेही विसरलेलं. एका साथीदाराची ओळखीची मुलगी खिडकीतून आपला लोकरी परकर खाली टाकते. स्वातंत्र्ययुद्धाची पहिली रात्र, आणि वल्ह्यांना परकर! पाच वर्षांचं मूल हे जन्मभर विसरत नाही. आणि त्याबरोबरच हेही विसरत नाही, की त्या रात्री अंधारात आवाज करणं जिवावर बेतणारं होतं. रिव्हिअर शेवटच्या गावापर्यंत पोहोचला नाही, वाटेत ब्रिटिश गस्तीने त्याला धरलं. कवितेत हे नाही. फ्रिट्झच्या पुस्तकात आहे.

तिचा दंडक कडक होता. संवाद स्वतःच्या मनाचे रचायचे नाहीत. जे पत्रांत, रोजनिशीत, साक्षीत सापडेल तेवढंच पात्राच्या तोंडी घालायचं. विनोद तिला कागदपत्रांत सापडला, तिने तो वर चिकटवला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. लहान मुलांसाठी आहे, थोडा मीठमसाला चालतो, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. लहान मूल आपल्याला उलट तपासू शकत नाही, म्हणून त्याच्याशी अधिक खरं वागायला हवं.

राजा जॉर्जचं पुस्तक आणखी एक गोष्ट करतं. अमेरिकन मुलाला ते शत्रूच्या राजवाड्यात नेतं. तिथे भेटतो बुजरा मुलगा, ज्याला चांगला राजा व्हायचं असतं, आणि जो पुढे वसाहतींकडे बघून हट्टी बापासारखा वैतागतो. त्याची चूक झाकलेली नाही, पण त्याला राक्षसही केलेलं नाही.

अ‍ॅस्टेरिक्स या चित्रकथेतल्या गॉल वीराचं नाव इथे कोणीतरी काढणारच. २९ ऑक्टोबर १९५९ रोजी 'पिलोत' या फ्रेंच साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात गोसिनी आणि उदेर्झो यांनी त्याला जन्म दिला, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांनी त्याच्यावर जीव लावला. मलाही तो अतिशय आवडतो. पण त्याची गंमत कळायला आधी थोडा इतिहास ठाऊक असावा लागतो. त्याचा मित्र ओबेलिक्स पाठीवर जे उभे दगड घेऊन फिरतो, ते गॉल लोकांच्या कितीतरी हजार वर्षं आधी उभारलेले आहेत. मोठ्याला हा विनोद कळतो, पाच वर्षांच्या मुलाला ती माहिती वाटते. टेरी डिअरीची 'हॉरिबल हिस्टरीज' ही १९९३ पासून निघालेली मालाही थोडी मोठी झालेली मुलं जीव टाकून वाचतात. रक्त, घाण, फाशी, उंदीर, सगळं तिच्यात आहे. नऊदहा वर्षांच्या मुलांनी ती जरूर वाचावी. चार वर्षांच्या मुलाला रात्री झोपताना मी ती वाचून दाखवणार नाही.

या संचातलं मला सर्वांत आवडलेलं पुस्तक गेंड्याचं आहे. पोर्तुगीजांचा गोव्यातला गव्हर्नर अल्बुकर्क याला दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती. त्याने १५१४ मध्ये गुजरातच्या मुझफ्फरशहाकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ला काही दिला नाही. भेटी दिल्या, आणि त्यांत एक जिवंत गेंडा होता. किल्ला मागितला आणि गेंडा मिळाला! हे कोणी रचलेलं नाही, हे असंच घडलं. गोव्यात गेंड्याचं करायचं काय? अल्बुकर्कने तो पोर्तुगालच्या राजा मॅन्युएलला धाडून दिला. जानेवारी १५१५ मध्ये जहाज सुटलं आणि २० मे रोजी लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपात कोणी गेंडा पाहिला नव्हता. राजाने हत्तीशी त्याची झुंज लावली. हत्ती पळून गेला.

तिकडे जर्मनीत न्यूरेंबर्गला आल्ब्रेख्त ड्यूररच्या हाती एक पत्र आणि एक कच्चं रेखाटन आलं. त्याने गेंडा पाहिला नव्हता, पुढेही कधी पाहिला नाही. तरी त्याने लाकडी ठशावर गेंडा कोरला, अंगावर चिलखतासारखी पत्र्यांची कातडी, पायांवर खवले आणि मानेजवळ पाठीवर आणखी एक छोटं शिंग. चित्रावर छापलेलं सालही चुकलेलं आहे. पण चित्र इतकं जिवंत, की पुढची कित्येक दशकं युरोपात गेंडा म्हणजे तोच. आमच्या संचातल्या चित्रकाराने एका पानावर ड्यूररचा गेंडा काढला आहे आणि समोरच्या पानावर पुण्याचा. होय, पुण्याचा. पर्वतीजवळ पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथला गेंडा गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मध्ये ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी समोर पाहून काढला. कातडीच्या वळ्या, जाड पाय, खाली झुकलेलं डोकं, आणि शिंग एकच. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. दोन्ही पानं शेजारी ठेवली की मुलं आपोआप बोट ठेवतात, "याला दोन शिंगं का?" कोणी पाहून काढलं, कोणी ऐकून काढलं, हा भेद इतिहासाचे विद्यार्थी महाविद्यालयात शिकतात. इथे तो गेंड्याच्या पाठीवर बसून येतो.

त्या पहिल्या गेंड्याचा शेवट दुःखाचा आहे. राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडाने बांधलेल्या गेंड्याला पोहता आलं नाही. हे पान काढून टाकावं का, यावर आमच्यात बराच खल झाला. मी ठेवा म्हटलं. त्या पानावर विनोद नाही, फक्त समुद्र आहे आणि एक ओळ. हसवणाऱ्या पुस्तकाला कुठे थांबायचं, हे कळलं पाहिजे, तरच त्याच्या हसण्यावर मुलाचा विश्वास बसतो.

कोणावर हसायचं, हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. भिडेवाड्यातल्या शाळेची गोष्ट घ्या. १८४८ साली सुरू झालेल्या त्या शाळेत शिकवायला जाताना सावित्रीबाईंवर लोक शेण आणि चिखल फेकत. त्या थैलीत दुसरं लुगडं नेत आणि शाळेत गेल्यावर बदलत, अशी आठवण सांगतात. यातला अपमान कोणत्याही चित्राने हसण्यावारी नेता कामा नये. पण थैलीतलं ते लुगडं पाहून मूल हसतं, आणि ते हसणं सावित्रीबाईंच्या बाजूचं असतं. फेकणाऱ्याचे हात बरबटले आणि बाई स्वच्छ लुगड्यात फळ्यासमोर उभ्या. चित्रकाराने फेकणाऱ्यांच्या सदऱ्यांवर शेणाचे डाग दाखवले आहेत. मला त्याची ही जागा फार आवडली.

संविधानाच्या पुस्तकात याहून वेगळी अडचण होती. तिथे नुसतं बोलणं. पण मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे आकडे खुद्द डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४९ मधल्या भाषणात दिले आहेत. मुलांना त्या दुरुस्त्या कागदांच्या डोंगरासारख्या दिसतात, आणि त्या डोंगराशेजारी बाबासाहेब चष्मा सावरून एकेक कागद वाचत बसलेले. 'सगळ्यांचं ऐकून घ्यायचं' याचं याहून सोपं चित्र मी पाहिलेलं नाही.

भाषेबद्दल दोन शब्द. मराठीत आदरार्थी बहुवचन आहे, ही या पुस्तकांची अडचण आहे असं सुरुवातीला सगळ्यांना वाटलं. 'राजे हसले', 'बाई निघाल्या' असं लिहिलं की अंतर पडतं, गंमत जाते, असं म्हणणं होतं. मोठ्याने वाचून पाहिलं तेव्हा उलट दिसलं. 'राजे पेटाऱ्यात बसले, राजांना शिंक येत होती की काय कोणास ठाऊक' असं वाचलं की आदर आणि लाड एकाच वाक्यात येतात, जसं घरात आजोबांबद्दल बोलताना येतात. शिंकेचा पुरावा नाही, म्हणून ते 'कोणास ठाऊक'. लेखकांनी अशी वाक्यं निराळ्या अक्षरात छापली आहेत, आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी 'खरं किती?' हे पान आहे. काय कागदोपत्री सापडतं, काय लोक सांगत आले, काय आम्ही कल्पनेने काढलं, हे तिथे सोप्या शब्दांत आहे. पालकांनी ते पान गाळू नये अशी माझी विनंती आहे. मुलं ते गाळू देतच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

कच्ची पानं तयार झाली तेव्हा मी ती वाचनालयात नेली. आग्र्याच्या पुस्तकात पेंगुळलेला पहारेकरी हातात चहाचा पेला घेऊन बसला होता. चित्र सुरेख होतं, आम्हा कोणालाच त्यात काही खटकलं नव्हतं. सात वर्षांची एक मुलगी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझी पणजी सांगते, ती लहान होती तेव्हा त्यांच्या घरात चहा नव्हता. मग यांच्याकडे कुठून आला?" आसामात चहाचे मळे लागले ते एकोणिसाव्या शतकात. पहारेकऱ्याच्या रात्रपाळीला चहा मिळायला आग्र्याला अजून दीडदोनशे वर्षं तरी थांबायचं होतं. चित्रकार तिथेच बसला होता. त्याने पिशवीतून खोडरबर काढलं, पेला पुसला, आणि काय द्यावं बरं त्याच्या हातात, असं त्या मुलीला विचारलं. तिने थोडा विचार केला आणि पाण्याचा तांब्या द्यायला सांगितलं. छापील पुस्तकात तो तांब्याच आहे.